दिवाळीत लावलेला रंग श्रावणात का पोपडतो

सिमेंटचे रस्ते झाले आणि नागपुरातली कितीतरी जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली. पूर्वी फाटकातून आत जाताना दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता काही घरांत उतरून शिरावं लागतं. जोराची सर आली की अंगणात पाणी तुंबतं. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर आरडाओरड होते, बातम्याही येतात. पाणी ओसरल्यावर भिंतीच्या पोटात जे कित्येक महिने चालतं त्याची मात्र बातमी होत नाही. दिवाळीला हौसेने दिलेला रंग पुढच्या श्रावणात हाताने सोलून निघतो. पेंटर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो पेंटरने प्रायमर मारला नाही, आणि घरमालक पुन्हा पुट्टी भरायला काढतो.

बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो आणि पेंटरचाही नसतो. जुनी भिंत पावसाळ्यात ओली होणार आणि उन्हाळ्यात वाळणार, हे धरूनच बांधलेली असते. तिचं ओलं होणं आपल्याला फारसं थांबवता येत नाही. तिचं वाळणं मात्र आपण चांगलंच थांबवून ठेवलेलं असतं.

पाणी येतं कुठून

वाटा चार. खालून जमिनीतून, वरून छतातून, बाजूने पावसाच्या झोडप्याने किंवा फुटक्या पाइपातून, आणि आतून, म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून.

खालची वाट सगळ्यात गैरसमजाची. वीट, माती, चुना यांच्यात डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात. ओल्या जमिनीला टेकलेल्या भिंतीत पाणी या छिद्रांमधून आपोआप वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. चढता चढता ते दोन्ही बाजूंनी उडूनही जात असतं, त्यामुळे एका उंचीवर चढणं आणि उडणं यांचा मेळ बसतो. ती उंची साधारण कमरेपर्यंत, मीटरभर असते. खोलीच्या चारी भिंतींवर एकाच पातळीवर पिवळट-तपकिरी पट्टा दिसला, तर पाणी खालून येतंय असा पहिला संशय घ्यावा.

हे चढणं अडवायला जोत्याच्या माथ्यावर पाणी न शोषणारा एक थर देतात. बांधकामवाले त्याला डीपीसी म्हणतात. महाल-इतवारी या नागपुरातल्या जुन्या वस्त्यांमधल्या वाड्यांत डीपीसी नावाचा प्रकार नाही, पण तिथे काळ्या दगडाचं उंच जोतं आहे. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो पाणी फार कमी शोषतो, त्यामुळे ते काम जोतंच करत होतं. पुढे नागपूर सुधार प्रन्यासाच्या ले-आऊटांमध्ये विटा-सिमेंटची घरं आली, त्यांत डीपीसी बहुतेक ठिकाणी आहे.

आता रस्ता वर आला. रस्ता वर आला म्हणून अंगणात मुरूम टाकून तेही वर घेतलं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. म्हणजे डीपीसी जमिनीखाली गाडली गेली. ओली माती थेट तिच्या वरच्या विटांना लागली आणि पाण्याला अडथळ्याला वळसा घालून जायची सोय झाली. ज्या घराला पन्नास वर्षं ओल माहीत नव्हती, तिथे अंगण उंचावल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पट्टा दिसू लागतो तो यामुळे. आतून कितीही महाग रंग लावला तरी त्याचा उपाय बाहेर आहे. भिंतीला लागून फूट-दीड फूट रुंदीची पट्टी मूळ पातळीपर्यंत उकरायची, तिच्यात गिट्टी भरायची आणि साचलेलं पाणी बाहेर काढून द्यायचं. पाया उघडा पडेल इतकं खोल जायचं नाही. बाहेर रस्ताच उंच असेल तर पाणी उताराने जाणार नाही, मग खड्डा करून छोटा पंप बसवावा लागतो. दिसायला ही पट्टी काही देखणी नसते. पण पेव्हर ब्लॉक भिंतीला नेऊन चिकटवण्याची जी हौस आपल्याकडे आली आहे, तिची किंमत पुढे छपाईत, म्हणजे भिंतीच्या प्लास्टरमध्ये, मोजावी लागते.

त्यात काळी माती असेल तर दुखणं लांबतं. ती पाणी धरून ठेवते, पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस सोडत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर हलक्या पायाच्या भिंतीही हलतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग बऱ्याचदा हीच. पुढच्या पावसाला ती आयती वाट.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा

भिंतीवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते, छपाई फुगते, टिचकी मारली तर पोकळ वाजते. लोणा लागला म्हणतात तो हाच. जमिनीतले आणि विटांमधले क्षार पाण्यात विरघळून वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना छपाईला आतून ढकलतात. रंगाचा पापुद्रा सुटतो तो या रेट्याने.

लोण्याची दुसरी खोड कमी लोकांना माहीत असते. यातले काही क्षार हवेतला दमटपणा स्वतःच ओढून घेतात. त्यामुळे जमिनीतलं पाणी बंद केलं, भिंत वाळली, तरी पुढच्या जुलैत तोच डाग पुन्हा ओला दिसू शकतो. मग माणूस म्हणतो, पैसे वाया गेले. वाया गेलेले नसतात, क्षारांनी भरलेली जुनी छपाई काढायची राहिलेली असते. डागाच्या वर आणखी फूटभरापर्यंत ती खरवडून काढायची, विटांमधले सांधे उकरायचे, कोरड्या ब्रशने झाडायचे आणि तो मलबा अंगणात पसरवून न ठेवता उचलून न्यायचा.

आधी तपास, मग खर्च

बाहेरून येणारं पाणी आणि घरातल्या वाफेचं पाणी यांचे डाग सारखेच दिसतात, उपाय मात्र उलटे. ओळखायला एक घरगुती चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक घ्या, डागाच्या जागेवर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. टेप भुसभुशीत छपाईवर टिकत नाही, म्हणून आधी जागा झाडून घ्यावी.

डागाची उंची आणि वेळही बोलते. पाऊस पडल्यावर काही तासांत वाढणारा डाग छताचा किंवा भेगेचा. पाऊस असो-नसो, बारा महिने ओला राहणारा डाग नळाचा. मार्च ते जूनमध्ये खिडकीखाली येणारा डाग कूलरचा. हा खास आपल्याकडचा प्रकार. कूलरचा फ्लोट अडकतो, ताटीतून पाणी बाहेर शिंपडतं, स्टँडवरून ओघळून खिडकीच्या चौकटीत जातं, आणि भर मे महिन्यात, जेव्हा भिंत वाळायला हवी, तेव्हा ती रोज भिजत राहते.

मग सिमेंटची पक्की छपाई का करू नये?

मिस्त्री पहिल्यांदा हेच सुचवतो. जुनी चुन्याची भुसभुशीत छपाई काढा, वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेली सिमेंटची छपाई करा, वर पुट्टी, वर ऑइल पेंट. वर्षभर भिंत झकास दिसते.

माठ आठवा. माठातलं पाणी गार राहतं कारण ते थोडं थोडं पाझरून बाहेरच्या अंगाने उडत असतं. त्याच माठाला बाहेरून ऑइल पेंट मारला तर माठ फुटत नाही, गळत नाही, फक्त पाणी गार करणं सोडतो. माती-चुन्याच्या भिंतीचं तसंच आहे. चुन्याच्या छपाईतून वाफ सहज बाहेर पडते. दाट सिमेंट आणि ऑइल पेंटमधून ती फार कमी पडते. खालून चढणारं पाणी तर चालूच असतं. कमरेशी उडून जायची सोय गेली की ते आणखी वर चढतं आणि जिथे जुनी छपाई शिल्लक आहे तिथे बाहेर येतं. कमरेचा डाग खांद्यापर्यंत गेला अशी तक्रार असते, त्यामागे बहुधा पक्की छपाई असते. शिवाय जुनी वीट मऊ आणि सिमेंट कडक. ऊन-पावसात दोघं वेगवेगळे हलतात, सांधा सुटतो, आणि तुटताना सिमेंट विटेचा पापुद्रा घेऊन निघतं.

यावर रास्त आक्षेप असा की चुन्याचं काम जाणणारे कारागीर आता कुठे मिळतात? कमी मिळतात, हे खरं. चुना हळू घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत, त्यामुळे काम सावकाश चालतं आणि ठेकेदाराला ते परवडत नाही. पण सगळं घर चुन्यातच करा असं म्हणणं नाही. धरमपेठेतलं साठ साली सिमेंटात बांधलेलं विटांचं घर असेल तर सिमेंटची छपाई चालते. महालातला वाडा, मातीच्या विटा, चुन्याचे सांधे असतील तर तिथे सिमेंट नको. अगदीच कारागीर मिळाला नाही तर निदान चुना मिसळलेली, कमी सिमेंटची छपाई आणि वर चुन्याचा रंग. ओलीच्या पट्ट्यापुरती पुट्टी टाळली तरी निम्मी लढाई झाली.

रंग कधी द्यायचा

बांधकामातला जुना ठोकताळा असा की भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तरी पूर्ण भिजल्यावर तिला चार-पाच महिने लागतात. आता आपला हिशोब बघा. पाऊस सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरपर्यंत. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे भिंत जेमतेम वाळायला लागते तेवढ्यात आपण तिच्यावर रंगाचा पडदा ओढतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. मधले सात आठवडे. त्या सात आठवड्यांत गाळ काढून, धुऊन, रंग देऊन दिवाळी साजरी करणाऱ्यांची हौस समजण्यासारखी आहे. पण पुरात भिजलेली भिंत तेवढ्यात वाळणं शक्यच नव्हतं.

ओलीचं घर असेल तर दिवाळीला झाडलोट, चुन्याचा हात आणि तोरण एवढंच करावं. पक्का रंग फेब्रुवारीनंतर, गुढीपाडव्याच्या सुमारास द्यावा. नागपूरसारखी कोरडी हवा, मार्चपासून मेपर्यंतची, भिंत वाळवायला फुकट मिळते. मुंबईकरांना ही चैन नाही.

पावसाळ्यात खिडक्या उघडल्या तर ओलच आत येणार ना?

अर्धं बरोबर. हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांच्या हवेत सुमारे १७. झड लागलेली असताना बाहेरची हवा वाफेने जवळजवळ गच्च असते. ती आत घेऊन भिंत वाळणार नाही.

पण आत काय चाललंय तेही बघायला हवं. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलोहून थोडं जास्त. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत शेगडीच्या ज्योतीतूनच २२ लिटरच्या आसपास पाणी घरात उतरतं. भाताची, वरणाची वाफ वेगळी. त्यावर अंघोळी, चार माणसांचे श्वास, आणि बैठकीत दोरी बांधून पंख्याखाली वाळत घातलेले कपडे. हे सगळं पाणी बाहेर गेलं नाही तर ते सगळ्यात थंड जागी बसतं: कपाटामागची भिंत, कोपरे, गादीचा तळ. तिथे काळी बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात, असं तीत नोंदवलं आहे. बुरशीवर रंग मारून ती झाकता येते, मरत नाही.

म्हणून झडीत स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचे पंखे बाहेर फेकणारे हवेत, आणि त्या खोल्यांची घरात उघडणारी दारं लावलेली. उघडीप मिळाली, ऊन पडलं की सगळ्या खिडक्या समोरासमोर उघडायच्या, कारण हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकच खिडकी सताड उघडून फारसं काही होत नाही. जुन्या घरांत छताजवळ रोशनदानं होती. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. एसी बसवताना, मच्छरांच्या भीतीने किंवा नुसतीच जुनाट दिसतात म्हणून आपण ती विटांनी बुजवली. त्यांतली दोन जरी पुन्हा उघडून जाळी लावली तरी फरक पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं तर फुकटच आहे.

उन्हाळ्याचा नियम नेमका उलटा. सकाळी नऊच्या आत खिडक्या, पडदे बंद, आणि बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की, म्हणजे बहुधा रात्री, सगळं उघडं. कूलर चालू असेल तेव्हा मात्र समोरची खिडकी उघडीच हवी. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. ती हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि कूलर थंड करणं सोडतो. जुलैत बाहेरची हवा आधीच गच्च असल्याने त्याचा उपयोग राहत नाही, तेव्हा त्याला सुट्टी द्यावी.

छत: ऊन आणि पाणी दोन्ही

नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि एकमजली किंवा वरच्या मजल्याच्या घरात सगळ्यात जास्त ऊन छतातून येतं. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात वर माळा होता, कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची, गरमी तिथेच राहायची. त्या जागी टिन आलं किंवा स्लॅब आला. टिनाखाली दुपारी बसवत नाही, आणि पावसाळ्यानंतरच्या पहाटे त्याच्या खालच्या बाजूने थेंब टपकतात. छत गळतं समजून लोक वर डांबर फासतात, पण ते घरातल्याच हवेतलं पाणी असतं. रात्री टिन हवेपेक्षाही थंड होतं, त्यावर वाफ बसते. टिनाखाली उष्णतारोधक थर आणि दोन्ही टोकांना हवा जायला फट, हा त्यावरचा उपाय.

उष्णतारोधक थर, म्हणजे इन्सुलेशन, काम करतो तो त्यात कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. पाणी उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त वाहून नेतं. त्यामुळे भिजलेलं इन्सुलेशन म्हणजे बुडालेले पैसे. गळतं छत आधी दुरुस्त, इन्सुलेशन नंतर, हा क्रम बदलायचा नाही. गळक्या स्लॅबखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करणं तर सगळ्यात घातक, कारण गळती झाकली जाते आणि वर सळया गंजत राहतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे तुकडे पाडतो. तपकिरी डाग किंवा उघडी सळई दिसली की मिस्त्रीला न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं.

गळतीवर आपल्याकडे ठरलेला उतारा म्हणजे आणखी एक कोबा, गच्चीवर टाकायचा जाड थर. पण विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस फुटाला सुमारे १८ किलो भरतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १८ टन. साठ-सत्तरच्या दशकातल्या चार-पाच इंची स्लॅबवर असे दोन-तीन थर चढलेले असतात. आधीचा काढल्याशिवाय नवा टाकू नये.

स्वस्तात सुरुवात करायची तर गच्ची पांढरी करा. उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन हात. ऊन परत फेकलं जातं, खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक जाणवू शकतो. पहिल्या पावसांत बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पांढऱ्या चिनी मोझेकचं काम महाग, पण वर्षानुवर्षं टिकतं. त्यापुढची पायरी म्हणजे दोन इंची एक्सपीएस फोम, थर्माकोलसारख्या पण दाट पाट्या. नुसत्या पाच इंची स्लॅबमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, चौरस मीटरला साधारण साडेतीन वॅट उष्णता येते. फोम घातल्यावर अर्ध्या वॅटच्या आसपास. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत नव्या घरांच्या छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. फोम स्लॅबच्या वर घालावा, म्हणजे स्लॅब स्वतःही तापत नाही आणि भेगाळत नाही.

एसीची खोली आणि पलीकडची भिंत

एक कोडं बऱ्याच घरांत असतं. एसीच्या खोलीत सगळं कोरडं, आणि पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीवर बुरशी. पाइप नाही, गळती नाही. ऑगस्टमध्ये घरातली हवा २८ अंश आणि दमट असली की २५ अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरू शकतं. एसी २० वर चालतो, मधली भिंत साडेचार इंची, ती पलीकडून २५ च्या आसपास उतरते आणि ओलावते. पावसाळ्यात एसी २५-२६ वर ठेवून पंखा लावला की हे बहुतेक थांबतं.

भिंत शेजाऱ्याची असेल तर

महाल, इतवारी, हंसापुरीत दोन घरांना एकच भिंत असते, आणि ओल कोणाची यावर बोलणं बंद होतं. भांडायच्या आधी शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या न्हाणीत रंगाचं पाणी सोडून बघावं. मोरीचं तोंड चिंधीने बंद करायचं, बोटभर पाणी भरून त्यात खायचा लाल रंग घालायचा, रात्रभर ठेवायचं. सकाळी पाण्याची पातळी उतरली असेल आणि आपल्या बाजूला लाली आली असेल तर वाद संपला. पातळी उतरली पण रंग दिसला नाही तर दोन-तीन दिवस वाट बघावी, जाड भिंतीतून पाणी सावकाश येतं आणि चुना-माती रंग गाळूनही घेते. पातळीच उतरली नाही तर शेजाऱ्यांच्या न्हाणीची फरशी बहुधा निर्दोष. मग पाइप आणि आपलं अंगण तपासायला घ्यावं.